कुणाचा तरी वाजतोय

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पहिला सुतळी बॉम्ब फुटला, की पार्किंगमधल्या चार-पाच मोटारी एकदम कोकलायला लागतात. एकीचा सूर रुग्णवाहिकेचा, दुसरीचा नुसताच हॉर्न, आणि एखादी जुनी गाडी सहा तऱ्हेचे आवाज एकामागून एक काढते. नव्वदच्या दशकात ज्यांनी बाजारातून सायरन बसवून घेतला होता, त्यांना ते सहा आवाज क्रमानं पाठ असतील. तो काळच आवाजांचा होता. गाडी मागे घेतानासुद्धा तिच्यातून देशभक्तिपर गाण्याची धून वाजायची.

एवढा आकांत होऊनही कुणी गॅलरीत येत नाही. वॉचमन हातातली चकली खाली ठेवत नाही. ज्याची गाडी ओरडत असते, तोही तिसऱ्या-चौथ्या बॉम्बनंतर कुरकुरत रिमोट शोधायला उठतो.

मी पुण्यात तीस वर्षं मोटार विम्याच्या दाव्यांचा सर्व्हेअर होतो. ठोकलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या पाहून नुकसानीचा आकडा काढायचा, हे माझं काम. चोरीचे दावे सहसा तपासनीसाकडे जातात, पण एकाच कचेरीत बसल्यामुळे ते कागदही डोळ्यांखालून जायचे. तेव्हा गाडी चोरीला कशी जाते आणि कशी वाचते, याबद्दल मला चार गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या. होत्याही. तरी २००३च्या पावसाळ्यात जे घडलं ते घडलंच.

रात्री अडीचच्या सुमारास एका अलार्मनं मला जाग आली. अर्धा मिनिट वाजून तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. बायकोनं विचारलं, “कुणाचा आहे हो?” मी म्हणालो, “कुणाचा तरी वाजतोय,” आणि उठून खिडकी लावून घेतली. पाऊस बाराच्या आसपास थांबला होता. सकाळी दूध आणायला उतरलो, तर ओल्या फरशीवर एक कोरडा चौकोन होता. समोरच्या ब्लॉकमधल्या अण्णांची गाडी तिथं उभी असायची.

हा लेख मी त्या चौकोनामुळे लिहितो आहे. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तसं या विषयावर मिळेल ते वाचलं. गाडी चोरापासून कशी वाचवायची, या साध्या प्रश्नाखाली दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, हे त्यातून हळूहळू कळत गेलं. मी माझी गाडी वाचवतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचं काय होतं?

आधी अलार्म. त्याच्या पोटात बहुधा एक पिझोइलेक्ट्रिक चकती असते. तिला हादरा बसला, की तिच्यात किंचित वीज निर्माण होते. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की सायरन सुरू. काच फोडण्याचा हादरा, बॉम्बच्या दणक्याचा हादरा आणि शेजारून गेलेल्या कचऱ्याच्या गाडीचा हादरा यांतला फरक त्या चकतीला कळत नाही. मर्यादा वाढवून ठेवली तर चोराचा हात जाणवत नाही, आणि कमी ठेवली तर मांजर टपावर चढलं तरी बोंब. दार उघडल्याचं कळवणारे स्विच आणि आतली हालचाल टिपणारे अल्ट्रासोनिक सेन्सर त्यापेक्षा शहाणे असतात. पण मूळ अडचण सेन्सरची नाहीच.

अलार्म चोराला अडवत नाही. तो हाक मारतो, आणि त्या हाकेला ओ देण्याचं काम शेजाऱ्यावर सोपवून देतो. शेजाऱ्याला कुणी विचारलेलं नसतं. पहिल्या चार वेळा तो खिडकीशी येतो, चारही वेळा मांजर असतं, आणि पाचव्या वेळी तो खिडकी लावून घेतो. अमेरिकेत १९९७ साली विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेनं ७ कोटी ३० लाख गाड्यांच्या दाव्यांची माहिती तपासली होती. अलार्म असलेल्या गाड्यांमध्ये चोरीचं नुकसान एकूणात कमी झालेलं दिसलं नाही. हा निष्कर्ष वाचून मला आधी बरं वाटलं, म्हणजे दोष माझ्या एकट्याचा नव्हता, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

हाक मारणाऱ्या साधनांहून निराळी जात म्हणजे अडवणारी साधनं. हूड गुराच्या गळ्यात शेतकरी लोढणं बांधतो, त्याच जातीची. गाडीतलं पहिलं महत्त्वाचं लोढणं म्हणजे स्टिअरिंग लॉक. चावी काढली, की स्टिअरिंगच्या दांड्यात एक खिट्टी बसते आणि चाक वळत नाही. आज ते इतकं अंगवळणी पडलं आहे, की ते सुरक्षेचं साधन आहे हेसुद्धा आपण विसरलो. याच लॉकच्या निमित्तानं या विषयातला फार मोलाचा प्रयोग घडून आला, तोही कुणी न ठरवता.

पश्चिम जर्मनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं. आधी नव्या गाड्यांना आणि १९६३पर्यंत रस्त्यावरच्या जुन्या-नव्या सगळ्याच गाड्यांना. चोऱ्या ठळकपणे घटल्या आणि पुढं बरीच वर्षं कमीच राहिल्या. ब्रिटननं तेच लॉक १९७१पासून आणलं, पण फक्त नव्या गाड्यांसाठी. ब्रिटिश गृहखात्याच्या संशोधन विभागातल्या पॅट मेह्यू, रोनाल्ड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६मध्ये या दोन देशांचा हिशोब मांडला. ब्रिटनमध्ये नव्या गाड्या चोरीला जाण्याचं प्रमाण खाली आलं होतं, मात्र जुन्या गाड्यांचं वर गेलं होतं. चोर तेच, रात्रही तीच. ते फक्त दोन गाड्या पुढं सरकले होते. ज्यांना नवी गाडी परवडत नाही त्यांच्या दाराशी.

आपल्याकडचं गिअर लॉक घ्या. गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये टाकून त्यातून पोलादी कांब आरपार घालायची आणि कुलूप लावायचं, असं हे साधन. ते मला आवडतं. त्याला बॅटरी लागत नाही, ते कुणाची झोप मोडत नाही आणि ते तोडायला चोराला वेळ लागतो. चोराला वेळ नको असतो. स्टिअरिंगवर आडवा लावायचा पिवळा किंवा लाल दांडाही याच जातीचा, आणि त्याचा भडक रंग मुद्दाम असतो. काचेतून डोकावणाऱ्याला तो सांगतो, इथं उशीर होईल, पुढची बघ. पुढची म्हणजे माझ्या शेजाऱ्याची. अण्णांच्या गाडीला नुसता अलार्म होता. माझ्या गाडीला त्या रात्री गिअर लॉक होतं, आणि दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

चित्र खऱ्या अर्थानं बदललं ते इमोबिलायझर आल्यावर. पूर्वी चावी म्हणजे धातूचा दातेरी तुकडा. मंडईबाहेरचा चावीवाला कानस घेऊन दहा मिनिटांत तिची बहीण करून द्यायचा, आणि चावी नसली तरी इग्निशनच्या तारा जोडून गाडी सुरू करणारे वस्ताद होतेच. १९८६च्या कॉर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सनं चावीतच विजेचा एक छोटासा रोधक बसवला. त्याच्या पंधरा किमतींपैकी नेमकी किंमत जुळली तरच इंजिन सुरू होई. पंधरा म्हणजे काही फार नाहीत, पण विचार नवा होता. चावीनं कुलूप फिरवायचं, आणि शिवाय स्वतःची ओळखही पटवायची.

आजच्या चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या भोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून निघणाऱ्या लहरींवर चिप तेवढ्यापुरती जागी होते. गाडी तिला एक यादृच्छिक आकडा विचारते, चिप आपल्या गुप्त सूत्रानं त्याचं उत्तर काढून परत पाठवते, आणि ते बरोबर असेल तरच इंजिनाचा संगणक इंधन सोडतो. किल्ल्याच्या दरवाज्यावर परवलीचा शब्द विचारायचे तसं. फरक एवढाच, की इथं शब्द दरवेळी निराळा असल्यानं चोरून ऐकला तरी उद्या कामाला येत नाही. चावी हरवल्यावर अधिकृत केंद्रात काही हजारांचं बिल हातात पडतं ते या संवादापायी. आपण तिथं वैतागतो. मीही वैतागलो आहे.

युरोपीय संघानं ऑक्टोबर १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या आकड्यांवरून यान व्हान ऑअर्स आणि बेन व्होलार्ड या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की त्यामुळे १९९५ ते २००८ या काळात चोरीचं एकूण प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. हा आकडा, चोरांचा जो काही मोर्चा जुन्या गाड्यांकडे वळला तो वजा करून आलेला आहे. ब्रिटनमधल्या स्टिअरिंग लॉकसारखं इथं झालं नाही. हौशी चोराला हे काम एकदम अवघड झालं आणि त्यानं धंदाच सोडला.

उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतून आला, कारण तिथं अशी सक्ती नव्हती. २०१५च्या गाड्यांमध्ये इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता. ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के मॉडेलांत. ही फट काही वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. मग मिलवॉकी शहरातल्या पोरांना ती सापडली, तिचे व्हिडिओ फिरले, आणि २०२१नंतर देशभर या गाड्या पळवण्याची साथच पसरली. चोरणारे बहुतेक अल्पवयीन. हौसेखातर न्यायची, हाणायची, सोडून द्यायची. चाळीस पैशांची खिळी नसल्यानं बैलगाडी उलटावी, तसा प्रकार.

साधनांच्या या इतिहासात सर्वांत उजवं मला एक वेगळंच यंत्र वाटतं. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ साली लोजॅक नावाचं रेडिओयंत्र बाजारात आलं. गाडीत कुठंतरी लपवून बसवायचं. कुठं ते मालकालाही सांगत नाहीत. काचेवर स्टिकर नाही, दिवा नाही, आवाज नाही. गाडी चोरीला गेल्याची तक्रार झाली, की पोलिस ते दुरून जागं करतात आणि त्याच्या खुणेमागे जातात. ते बऱ्याचदा थेट गाड्या मोडणाऱ्या अड्ड्यावरच पोहोचत. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट (हा लेव्हिट पुढं ‘फ्रीकॉनॉमिक्स’मुळे आपल्याकडंही माहीत झाला) यांनी १९९८मध्ये याचा अभ्यास छापला. मोठ्या शहरात हे यंत्र असलेल्या गाड्यांचं प्रमाण एका टक्क्यानं वाढलं, तर तिथल्या एकूण वाहनचोऱ्या सुमारे २० टक्क्यांनी कमी होतात, असं त्यांना आढळलं. कारण साधं आहे. कोणत्या गाडीत यंत्र आहे हे चोराला कळत नाही, म्हणून तो प्रत्येकच गाडीला बिचकतो. यंत्राचे पैसे एक जण भरतो, फायदा सगळ्या गल्लीला होतो. एकूण फायद्यातला दहा टक्केही पैसे भरणाऱ्याच्या पदरात पडत नाही, असा त्यांचा हिशोब आहे.

आणि म्हणूनच असं यंत्र लोक आपणहून कमी घेतात. आपल्या मोटार टॅरिफमध्ये चोरीविरोधी साधनासाठी सवलत आहे. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत असलेल्या एआरएआय संस्थेनं मान्य केलेलं साधन असावं, त्याच्या जोडणीचा दाखला असावा, मग गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. मी कित्येक ग्राहकांना हे वाचून दाखवलं आहे. ऐकून लोक हसायचे.

आता आपल्याकडच्या एका गोष्टीकडे येतो, जी मी पुस्तकात वाचलेली नाही. पार चेपलेली, दुरुस्त करण्यात अर्थ नसलेली गाडी विमा कंपनी ‘टोटल लॉस’ ठरवते आणि तिच्या भंगारासाठी बोली लागते. त्या बोलीत दोन भाव असायचे, कागदपत्रांसह आणि कागदपत्रांशिवाय. लोखंड तेच, चाकं तीच, तरी नोंदणीचं पुस्तक सोबत असलं की बोली कितीतरी वर जायची. मेलेल्या गाडीच्या कागदांना एवढी किंमत का? कारण त्याच मॉडेलची, त्याच रंगाची जिवंत गाडी कुठूनतरी उचलायची, तिचा चॅसिस नंबर घासून त्यावर मेलेलीचा नंबर ठोकायचा, की चोरीची गाडी कागदोपत्री सोज्वळ होते. गाडी नष्ट झाली, तर मालकानं १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं, असं मोटार वाहन कायद्याचं ५५वं कलम सांगतं. कळवणारे मी फार थोडे पाहिले. मेरठचा सोतीगंज बाजार, जिथं चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग होत असत, पोलिसांनी डिसेंबर २०२१मध्ये बंद पाडला. पण कागदांचा हा बाजार एखाद्या गल्लीत भरत नाही, त्यामुळे तो बंद पाडणंही तेवढं सोपं नाही.

उच्च सुरक्षा नंबरपाटीचं प्रयोजन इथं कळतं. तिच्यासाठी गेल्या वर्षी महाराष्ट्रात सगळ्यांनी मोबाइलवर तारखा शोधल्या आणि सरकारनं मुदतीमागून मुदत वाढवली. अॅल्युमिनियमची पाटी, त्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, कोपऱ्यात लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप लॉक. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्या ही पाटी घेऊनच येतात. बनावट पाटी करणाऱ्याचं काम यानं अवघड होतं, हे खरं. पण तो कोरीव क्रमांक कुणीतरी वाकून वाचला आणि नोंदीशी ताडून पाहिला, तरच. नाहीतर ती नुसती चांगली दिसणारी पाटी. इथंही पुन्हा ओ देणारा माणूस लागतोच.

आजचा चोर मात्र कानस आणि हातोडा घेऊन येत नाही. बटन दाबून सुरू होणाऱ्या गाडीची चावी खिशातच राहते. गाडी दीडेक मीटरच्या टप्प्यात बारीक आवाजात विचारते, ‘आहेस का?’ आणि चावी उत्तर देते. गाडीला अंतर समजत नाही. ऐकू आलं म्हणजे जवळच आहे, एवढंच ती धरून चालते. मग दोन जण मिळून तो प्रश्न दाराशी टिपतात, घरातल्या चावीपर्यंत वाढवून नेतात, आणि झोपलेल्या मालकाची चावी दिवाणखान्यातून इमानेइतबारे उत्तर देते. झुरिकच्या संशोधकांनी २०११मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून पाहिलं होतं. दहाही उघडली. इथं कोणतंही गुपित फुटत नाही, परवलीचा शब्दही खराच असतो, म्हणून इमोबिलायझरला तक्रार करायला जागाच उरत नाही. आता काही नव्या गाड्यांत चावी किती लांब आहे हे लहरींच्या प्रवासाच्या वेळेवरून मोजतात. तो उपाय मुळाशी जाणारा आहे. आपल्यासारख्यांनी तोवर चावी धातूच्या आड ठेवावी. माझ्या मुलाच्या गाडीसाठी मी स्वयंपाकघरातले डबे तपासले. चावी डब्यात घालायची, डबा घेऊन गाडीपाशी जायचं आणि दार ओढून बघायचं. सैल झाकणाचा डबा नापास झाला, दार उघडलं. घट्ट झाकणाचा एक पास झाला. त्यात आता मेथीदाण्यांऐवजी दोन्ही चाव्या असतात. दुसरी चावी विसरायची नाही, तीही उत्तर देतेच.

दुसऱ्या चावीचं महत्त्व अण्णांना वेगळ्या तऱ्हेनं कळलं. चोरीचा दावा दाखल केला, की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक नसेल तर गाडीतच राहिली होती का, असा संशय घेते. अण्णांची दुसरी चावी मुलानं कधीच हरवली होती आणि तशी नोंद कुठं केली नव्हती. त्यात पोलिसांची ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा शेरा, येईपर्यंत दावा पुढं सरकेना. पैसे मिळाले ते जवळजवळ वर्षानं, आणि तेही कापून. मी त्या कंपनीत ओळख काढून दोन-तीनदा फोन केले. फार केलं असं म्हणता येणार नाही.

मधली वीस वर्षं मी त्यांना ती रात्र सांगितली नव्हती. गेल्या दिवाळीत ते फराळाला आले. खाली बॉम्ब फुटला, गाड्या कोकलल्या, आणि मला राहवलं नाही. म्हणालो, “अण्णा, तुमची गाडी गेली त्या रात्री मला अलार्म ऐकू आला होता. मी उठलो नाही.”

अण्णांनी करंजीचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

“मलापण आला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, तुमचा वाजतोय.”

त्यांच्याकडे आता नवी गाडी आहे. अलार्म त्यांनी कंपनीच्या माणसाकडून अगदी मंद करून घेतला आणि आत एक जीपीएस ट्रॅकर लपवून बसवला. तो कुठं आहे ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. माझी गाडी त्यांच्या गाडीशेजारीच उभी असते. परवा त्यांच्या ट्रॅकरचा वर्षाचा रिचार्ज संपला, तेव्हा अर्धे पैसे मी देऊ केले. त्यांनी ते घेतले.